परधाड्याची आवई

जळगावहून मुंबईकडे जाताना शिरसोली, म्हसावद, महेजी, परधाडे आणि मग पाचोरा अशी स्टेशनं लागतात. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं खानदेशात रूळ टाकले, तेव्हापासून ही वाट लोहमार्गाच्या कडेची वाट झाली. पाचोरा पुढे जंक्शन झालं. इथून जामनेरला जाणारी छोटी गाडी, सगळ्यांच्या तोंडी असलेली 'पीजे', शंभर वर्षं शेंदुर्णी-पहूरची माणसं आणि माल वाहत राहिली. महेजी आणि परधाडे ही नावं मात्र मोठ्या गाड्यांच्या प्रवाशांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिथे त्या गाड्या थांबतच नाहीत. 22 जानेवारी 2025 ला त्यातली एक थांबली आणि परधाड्याचं नाव दोन देशांतल्या घरांत पोचलं.

लखनऊहून मुंबईला येणारी 12533 पुष्पक एक्स्प्रेस त्या बुधवारी जळगाव मागे टाकून पाचोऱ्याच्या दिशेनं निघाली होती. उत्तर प्रदेशातून आणि नेपाळच्या सीमेवरून मुंबईत कामाला येणाऱ्यांची ही गाडी. जनरल डब्यात बसायला जागा मिळाली तरी नशीब, अशी गर्दी. दुपारी पावणेपाचच्या सुमारास महेजी आणि परधाड्याच्या दरम्यान डब्यात हाकाटी झाली: आग लागली. कुणीतरी साखळी ओढली. गाडी थांबताच, काही जणांनी तर ती पुरती थांबण्याआधीच, दारातून खाली उड्या घेतल्या. ज्या बाजूला मोकळं रान होतं तिकडे उतरलेले वाचले. ज्या बाजूला दुसरा रूळ होता तिकडे उतरलेल्यांना मागेपुढे पाहायला वेळच मिळाला नाही. बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस त्याच रुळावरून येत होती.

पहिल्या रात्री मृतांचा आकडा 12 होता, दुसऱ्या दिवशी तो 13 झाला. पंधराच्या आसपास माणसं जखमी होती. त्यांना पाचोऱ्यातल्या रुग्णालयांत हलवलं, भुसावळहून मदतीची गाडी आली. मृतांमध्ये नेपाळचे अनेक जण होते. त्यांची ओळख पटवायला आणि त्यांच्या घरी कळवायला दिवस लागले. राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना 5 लाख, रेल्वेनं दीड लाख रुपयांची मदत जाहीर केली. मध्य क्षेत्राच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी हाती घेतली.

आग नव्हती. सुरुवातीला रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडून असं सांगण्यात आलं की, चाकाला ब्रेक चिकटून ठिणग्या किंवा धूर दिसला असावा. ब्रेक सुटत नाही, चाक तापतं, जळका वास येतो; रेल्वेत हा प्रकार नवा नाही आणि तो म्हणजे डबा पेटणं नव्हे. पुढे रेल्वे बोर्डानं डब्यात ठिणगी वा आग आढळलेली नाही असं सांगितलं. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दुसऱ्या दिवशी जी माहिती दिली ती अशी: पँट्रीतल्या एका चहावाल्यानं आग लागल्याची ओरड केली, ती दोन प्रवाशांनी ऐकली, त्यांनी आपल्या आणि शेजारच्या डब्यातल्या लोकांना सावध केलं आणि तिथून पळापळ झाली. ते दोघे प्रवासीही त्या धावपळीत जखमी झाले.

या शेवटच्या तपशिलाशी मी थांबतो. त्या दोघांना कुणाला फसवायचं नव्हतं, गंमत करायची नव्हती. त्यांनी जे ऐकलं त्यावर त्यांचा विश्वास बसला, इतरांचा जीव वाचावा म्हणून त्यांनी ते पुढे सांगितलं आणि स्वतःही त्याच बातमीवर विसंबून खाली उतरले. अफवा पसरवणारा म्हणून आपल्या डोळ्यांपुढे जो समाजकंटक उभा राहतो, त्याच्याशी यांचं काही नातं नाही. धोक्याची बातमी बहुधा काळजी करणारी माणसंच पुढे नेतात. परधाड्याची घटना समजून घ्यायची तर त्या काळजीचा इतिहास पाहावा लागतो आणि तो खानदेशातल्या रेल्वेपेक्षाही जुना आहे.

1857 च्या पहिल्या महिन्यांत उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या. एका गावच्या चौकीदारानं काही चपात्या पुढच्या गावाला द्यायच्या, त्यानं तशाच भाजून पुढे पाठवायच्या. खानदेशाला लागून असलेल्या निमाडातही त्या पोचल्याची नोंद तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यानं केली. चपातीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती का पाठवायची हे पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे पटकीची साथ टळावी म्हणून, कुणी म्हणे सरकार धर्म बुडवणार आहे म्हणून. नाही पाठवली आणि काही झालं तर? एवढ्या एका प्रश्नावर ती शेकडो मैल गेली.

पुढे पोस्टकार्डं आली. 1975 साली 'जय संतोषी माँ' हा चित्रपट गाजला आणि नंतरच्या वर्षांत संतोषी मातेच्या नावानं घरोघरी पत्रं यायची. अमुक इतक्या प्रती लिहून पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल. आमच्या पिढीतल्या अनेकांनी शाईचे हात करत ती पत्रं लिहिली आहेत. श्रद्धेपेक्षा त्यात धाकच जास्त असे. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी कार्डांची वाट न पाहता टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावून सांगत होते. पण त्यांचा प्रयोग पाहायला माणसाला घटकाभर थांबावं लागे आणि थांबायला कुणी तयार नव्हतं.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमनं देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. पुढच्या पाच-सात वर्षांत तालुक्याच्या गावांतही सायबर कॅफे निघाले. पुण्या-मुंबईला किंवा अमेरिकेला गेलेल्या मुलांचे, भाच्यांचे ई-मेल तिथे उघडले जाऊ लागले. खुशालीच्या खालोखाल त्यात असत ते इशारे. घरातल्या विजेच्या आगीबद्दलचे इशारे त्यातलेच.

त्यांतला एक अमेरिकेत फार फिरला. भिंतीच्या प्लगमध्ये खोचून ठेवायचं सुगंधाचं यंत्र वितळतं आणि घर पेटतं, असा तो मजकूर होता. सांगणारा म्हणे, माझ्याच भावाचं घर जळालं आणि तपासणाऱ्यानं कारण दाखवलं ते हेच यंत्र. भाऊ कोण, गाव कुठलं, तपासणारा कोण, काही नाही. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो 'माझाच भाऊ' होऊन जाई. कंपनीनं ते नाकारलं. पण याची दुसरी बाजूही आहे. 2002 साली त्याच कंपनीनं एका विशिष्ट मॉडेलची यंत्रं जोडणीतल्या दोषामुळे आगीचा धोका संभवतो म्हणून बाजारातून परत मागवली होती. त्या सूचनेत मॉडेलचं नाव होतं, दोष कोणता ते होतं, यंत्र घरात असेल तर काय करायचं तेही होतं. ई-मेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. खऱ्या इशाऱ्यात ठावठिकाणा असतो आणि वाचणाऱ्याच्या हाताला काम असतं. खोट्या इशाऱ्यात फक्त भीती असते आणि 'सर्वांना पाठवा' असतं.

व्हॉट्सअॅपनं असा मजकूर मराठीत आणला. खानदेशात पारा 45 च्या वर जायला लागला की पेट्रोलची टाकी पूर्ण भरू नका, उन्हानं स्फोट होतो, हा संदेश इंडियन ऑइलच्या नावानं दरवर्षी येतो. कंपनीनं तो आपला नसल्याचं सांगितलं, वाहन बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला हरकत नाही हेही सांगितलं. तरी तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर असतो. 2022 च्या सुमारास इशाऱ्याचा धंदाच झाला. 'मागील बिल अद्ययावत नसल्यानं आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, या नंबरवर संपर्क करा' असे संदेश लोकांना येऊ लागले. फोन केलेल्यांची बँक खाती रिकामी झाली. महावितरणला लोकांना वारंवार सांगावं लागलं की वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही असे संदेश पाठवत नाही. काळजीच्या रस्त्यानं आता चोरही चालू लागले होते.

या सगळ्यात कुणाचा जीव जातो असं फार काळ कुणाला वाटलं नव्हतं. ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यानं पाहिलं. साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. रविवारी तिथे आठवडे बाजार भरतो. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस त्या भागातल्या मोबाइलवर येत होते. त्या रविवारी मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक बाजारात उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे त्यांचं पिढीजात जगणं. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त झालं. जमावानं त्यांना मारायला सुरुवात केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेही मारत राहिले. पाच माणसं मेली. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं.

राईनपाड्यात मारहाणीत सामील झालेल्यांचा गुन्हा त्या दोन रेल्वे प्रवाशांच्या पंक्तीला बसवता येणार नाही. माणसाला ठेचून मारणं ही काळजी नव्हे. पण बाजारात येण्याआधी तो संदेश ज्या शेकडो हातांतून गेला, त्यांत आया होत्या, मामा होते, शाळेचे मास्तर असतील. 'आपली पोरं सांभाळा' एवढाच त्यांचा हेतू होता. तो हेतू आणि ग्रामपंचायतीची खोली यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं. पोलीस पाटील, सरपंच, ठाण्याचा फोन, कुणीतरी, जो म्हणेल की थांबा, मी चौकशी करून सांगतो. पोलीस पोचले तेव्हा जमाव मोठा होता आणि उशीर झाला होता.

राईनपाड्यानंतर देश हादरला. व्हॉट्सअॅपनं पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 17 जुलै 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं जमावबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. संदेशाचा वेग कमी करायचा, असा या उपायांचा रोख होता. उपाय योग्यच होते. मात्र मोबाइलमधला वेग आवरता येतो, रेल्वेच्या डब्यातला नाही. तिथे तोंड आणि कान यांच्यामध्ये कुठलीच मर्यादा घालता येत नाही.

परधाड्याआधी तशा दोन सूचना मिळूनही गेल्या होत्या. 28 फेब्रुवारी 2024 ला झारखंडात जामताड्याजवळ आगीच्या अफवेनं खाली उतरलेले प्रवासी दुसऱ्या गाडीखाली सापडले, असं प्रवासी सांगत होते. रेल्वेनं आगीची गोष्ट नाकारली. त्याच वर्षी 14 जूनला, त्याच राज्यातल्या कुमंडीह स्टेशनाजवळ सासाराम-रांची इंटरसिटीत आग लागल्याची आवई उठली, लोकांनी उड्या मारल्या आणि समोरून आलेल्या मालगाडीनं त्यांतल्या काहींना चिरडलं. एका वर्षाच्या आत तिसऱ्यांदा तेच घडलं, तेव्हा ते पाचोरा तालुक्यात घडलं. प्रवासी अडाणी होते म्हणून विषय संपवणाऱ्यांनी हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. तीन वेगळ्या गाड्या, वेगळी माणसं आणि चूक एकच: गाडीतून उतरणाऱ्याला कोणत्या बाजूनं उतरायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

गाडी थांबल्यावर रेल्वेची यंत्रणा अगदी झोपलेली नव्हती. पुष्पकच्या ड्रायव्हरनं फ्लॅशर लावला. इंजिनावरचा हा लुकलुकणारा दिवा समोरच्या गाडीला धोका सांगतो. तो पाहून कर्नाटक एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरनं ब्रेक लावल्याचं रेल्वेनं सांगितलं. पण तिथे रुळाला वळण होतं, त्यामुळे दिसायला उशीर झाला आणि उरलेल्या अंतरात गाडी थांबली नाही. वेगानं येणारी एक्स्प्रेस थांबायला किलोमीटरभर अंतर घेते. म्हणजे ड्रायव्हरला ड्रायव्हरची खूण मिळाली. ज्यांच्यासाठी ती खूण होती, त्या रुळावर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत मात्र काहीच पोचलं नाही. जनरल डब्यात घोषणा ऐकू येईल अशी सोय नव्हती. विचारायला टीसी नव्हता, गार्ड गाडीच्या टोकाला. ज्याला चौकशी करायची होती त्यानंही कुणाला विचारायचं? शेजाऱ्याला, आणि शेजारी दाराकडे धावत होता.

मला या घटनेतून जे म्हणायचं आहे ते हे. इशारा पुढे नेणाऱ्याला शहाणपण शिकवून आपण थांबतो, पण त्याला खात्री कुणाकडे करून घ्यायची हे सांगत नाही. खात्री करून घेण्याची जागा जवळ नसेल तर सज्जन माणूस भीतीवर विश्वास ठेवणार, कारण विश्वास न ठेवण्याची किंमत त्याला स्वतःच्या जिवानं मोजावी लागेल असं वाटतं. आग खरी निघाली तर? या प्रश्नाला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे उत्तर होत नाही.

कारण आगी खऱ्याही असतात. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोविडचे रुग्ण दगावले. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 11 रुग्ण गेले. या आगींच्या आधी कुणाच्या मोबाइलवर संदेश फिरला नव्हता. धोका होता तो वायरिंगमध्ये, यंत्रांत, न झालेल्या तपासणीत. तो कागदावर नोंदवण्याचा विषय होता आणि कागदावरच्या धोक्याची हाकाटी होत नाही.

घराचंही तसंच आहे. विजेनं घर पेटतं त्याची कारणं साधी आणि जुनी आहेत. 230 व्होल्टवर हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या वर प्रवाह ओढते, दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊच्या आसपास. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालवले की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. प्लगचा ढिला स्क्रू त्याहून वाईट. तिथे प्रवाह मर्यादेतच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही, पण सांधा तापत राहतो आणि प्लॅस्टिक काळं पडतं. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणं म्हणजे घराचा पहारेकरी हाकलून देणं. आपल्याकडे उन्हाळ्यात लोखंडी कूलरला हात लागून माणसं जातात. तिथे अर्थिंग महत्त्वाचं आणि गळती ओळखून तीस मिलिअँपिअरला पुरवठा तोडणारं आरसीसीबी त्याहून महत्त्वाचं. पाणी भरताना प्लग काढायचा. वायरीला आग लागलीच तर आधी मेन स्विच बंद करायचा, पाणी टाकायचं नाही, 101 ला फोन करायचा. खांबावरच्या तारेचं किंवा मीटरचं काही असेल तर महावितरणचा 1912.

हे सगळं एका संदेशात मावतं. तो सहसा कुणी पाठवत नाही, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, करण्यासारखं मात्र आहे. पाचोऱ्यातल्या आणि जळगावातल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीजवळ काम केलेल्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एका ठिणगीनं काय होतं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून तिथे विडी पेटवू नये हे दारावर लिहिलेलं असतं आणि ते पाळलं जातंय की नाही हे पाहणारं माणूस असतं. नियम, जागा आणि नजर ठेवणारं माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोक्याची बातमी उपयोगाची होते.

परधाड्यानंतर मागायचं तेही एवढंच. प्रत्येक जनरल डब्यात घोषणा ऐकू येईल असा कर्णा असावा आणि गाडी मध्येच थांबली की गार्डनं त्यावरून बोलावं. दाराजवळ मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत लिहिलेलं असावं की शेजारच्या रुळाच्या बाजूनं उतरू नका आणि रेल्वेच्या 139 वर कळवा. पँट्रीतल्या चहावाल्यापासून सफाई कामगारापर्यंत गाडीत काम करणाऱ्या प्रत्येकाला धूर दिसला तर कुणाला सांगायचं याचं शिक्षण द्यावं, कारण प्रवासी त्यांच्याच तोंडाकडे पाहतात. गावात मुलं पळवण्याचा संदेश आला तर पोलीस पाटलानं त्याच दिवशी दवंडी देऊन खरं काय ते सांगावं. आणि घरच्या ग्रुपवर विजेचा इशारा आला तर तो पुढे पाठवण्याआधी त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहावं: कोण सांगतंय, नेमकं कशाबद्दल, आणि आता काय करायचं. तिन्ही असतील तर जरूर पाठवावा. नसतील तर तो थांबवून गावातल्या वायरमनला घर दाखवावं. त्याची एक फेरी शंभर इशाऱ्यांपेक्षा जास्त माणसं वाचवते.